पाहुण्यांवर प्रयोग
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पत्रात लिहिलं होतं, ‘तिकडचे काही अनुभव सांगा.’ सकाळपासून इथं मोठमोठ्या विषयांवर बोलणं झालं. कुणी ऊसशेतीवर बोललं, कुणी बँकेवर, कुणी दवाखान्यावर. माझा विषय त्यामानानं अगदी घरातला आहे. शिकागोजवळच्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी दुपारच्या जेवणाला पाहुणे असतात आणि त्या दिवशी मी त्यांच्यावर एक नवीन पदार्थ करून बघते. तो शिजतो एका संथ भांड्यात. तिकडे त्याला स्लो कुकर म्हणतात. जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे, म्हणजे तुम्ही भुकेले आहात. या विषयाला असेच श्रोते लागतात.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी आपल्याला प्रयोगवही लिहायला शिकवलं. डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजव्या पानावर शाईनं उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान. पाचही मथळे नसतील तर सर सही करत नसत. मी त्या रविवारांची तशीच एक वही ठेवली आहे. आज तीच तुमच्यासमोर वाचते. सर समोर आहेत, तेव्हा क्रम चुकवणार नाही.

पहिलं उद्दिष्ट. तुमच्यापैकी पुष्कळजण लहानपणी आमच्या घरी जेवलेले आहात. आमच्या आईच्या हातच्या भाकऱ्या तुम्हाला आठवत असतील. पण आता एक विचारते. आई तुमच्याबरोबर बसून जेवली आहे, असं तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलं आहे का? मीसुद्धा पाहिलेलं नाही. वडील पाहुण्यांशी गप्पा मारायचे, आम्ही मुलं मध्ये लुडबुड करायचो, आणि आईची पाठ सगळ्यांना दिसायची. तव्यावरची भाकरी ताटात गरम पडली पाहिजे, हा तिचा हट्ट. पाहुणा उठून हात धुऊन पानसुपारीला बसला की मग ती स्वतःचं ताट घ्यायची, आणि तोवर गप्पा संपलेल्या असायच्या. हे एकट्या आमच्या घरचं नाही. समोर बसलेल्या निम्म्या मैत्रिणी मान हलवताना मला दिसताहेत.

मी तिकडे गेले तेव्हा मीही तेच करत होते. आमच्याकडे येणारी माणसं कोण? नुकतीच शिकायला आलेली मुलं, लेकीसुनेकडे चारसहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, आणि शेजारी राहणारी एक पोलिश आजी. ही माणसं खरं तर बोलायला येतात, जेवण हे निमित्त. आणि ज्या घरी बोलायला आले, त्या घरची बाई स्वयंपाकघरात. तेव्हा वहीतलं पहिलं वाक्य असं आहे : ‘उद्दिष्ट – यजमाणीनं पाहुण्यांबरोबर पानावर बसणे.’

आता साहित्य. हे भांडं आहे तरी काय, ते सांगते. बाहेर पत्र्याचं कवच, त्याच्या आत भिंतीला लागून वीजतारेचं वेटोळं, त्यात बसणारं जाडजूड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. एवढंच. शिट्टी नाही, वाफ कोंडणं नाही. साधारण दोनशे ते तीनशे वॅटचा ताप, म्हणजे जुन्या काळच्या दोनतीन दिव्यांएवढा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ दहाबारा मिनिटांत शिजते. या भांड्यात अन्न हळूहळू तापत उकळीच्या अलीकडे येऊन थांबतं आणि तिथंच सहासात तास राहतं. मंद आणि जलद अशी दोन बटणं असतात. दोन्ही शेवटी जवळजवळ त्याच तापमानाला पोहोचतात. फरक तिथं पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा.

याचा जन्म शिकागोतलाच. आयर्विंग नॅक्सन नावाचे एक ज्यू संशोधक तिथं राहत. त्यांची आई त्यांना लिथुआनियातल्या आपल्या गावची गोष्ट सांगे. ज्यू लोकांचा शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत विश्रांतीचा दिवस. त्या काळात चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी घरोघरच्या बायका कडधान्य, भाज्या आणि मांस घातलेली हंडी गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत. भट्टी विझवलेली असे, पण तिच्या उरलेल्या धगीवर रात्रभर ते कालवण शिजे आणि शनिवारी गरमगरम पानात येई. त्याला चोलंट म्हणतात. ती भट्टीची धग विजेच्या भांड्यात आणायची, हा नॅक्सन यांचा विचार. त्यांनी १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. त्यांचं भांडं मुख्यतः कडधान्य शिजवण्यासाठी विकलं जाई. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं क्रॉक-पॉट या नावानं बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. सकाळी लावून जायचं, संध्याकाळी जेवण तयार.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण आपल्या कोकणातही बेने इस्रायली लोक होतेच. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आणि धगीवर ठेवून विसरायचं ही युक्ती आपल्याला कुठं नवी आहे? रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून वर दुधाचं भांडं ठेवायचं, वैलावर डाळीचं पातेलं सरकवून द्यायचं, हे आपल्या आज्या करतच होत्या. १९१० मध्ये कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर काढला. त्यातही खाली थोडे कोळसे, वर डब्यांची चळत, आणि आपण कामाला जायचं.

साहित्यात आणखी एक नोंद, खास इथल्या मंडळींसाठी. सकाळपासून तिघींनी मला विचारलं, येताना एक भांडं का नाही आणलंस? सरांनी शिकवलेलं सूत्र आठवा : रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टतेच्या वर्गाच्या पटीत वाढते. तिकडची वीज १२० व्होल्टची, इथली २३०ची. २३० भागिले १२० म्हणजे १.९ च्या वर. त्याचा वर्ग साडेतीनहून जास्त. दोनशे वॅटचं भांडं इथं लावलं तर सातशे वॅट ओढू लागेल आणि मंद आचेचं भांडं जळून जाईल. इथल्या विजेवर चालणारी भांडी मिळतात, घ्यायचंच तर ते घ्या.

आता कृती. यात मी एक नियम फार काटेकोर पाळते : प्रयोग चवीचा करायचा, पाहुण्याच्या पोटाचा करायचा नाही. म्हणून काही गोष्टी ठरलेल्या आहेत, त्यात बदल नाही.

पहिली, राजमा. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. भरपूर उकळल्यावर ते नष्ट होतं, पण उकळीच्या खालच्या, ऐंशी अंशांच्या आसपासच्या उष्णतेत राजमा अर्धवट शिजला तर तो कच्च्या राजम्यापेक्षाही अधिक बाधतो. म्हणजे नेमकं हेच भांडं त्याला धोक्याचं. चारपाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची सूचना अशी, की राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळा उकळावा आणि मगच पुढं काय करायचं ते करावं. वहीत हे मी लाल शाईनं लिहिलं आहे.

दुसरी, मांस. बर्फात गोठलेलं मटण किंवा कोंबडी थेट या भांड्यात टाकायची नाही. चार ते साठ अंश या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि गोठलेला गोळा त्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो. आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटं होऊ द्यायचं, लहान तुकडे करायचे. आदल्या दिवशीचं अन्नही यात गरम करायचं नाही, ते गॅसवर उकळायचं.

तिसरी, भांडं अर्ध्याहून कमी नाही आणि दोनतृतीयांशाहून जास्त नाही. चौथी, झाकण उचलायचं नाही. एकदा उचललं की कोंडलेली ऊब जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात. आमच्या घरच्यांना ‘जरा बघतो’ म्हणायची सवय, म्हणून झाकणावर मी चिठ्ठी चिकटवते : ‘हात लावाल तर उशिरा जेवाल.’

आणि पाचवी गोष्ट पाहुण्यांशी वागण्याची. आपल्याकडे शिकवण अशी, की पाहुण्याला हातखंडा पदार्थच वाढावा. कधी न केलेलं त्याच्या ताटात घालू नये. ती शिकवण बरोबर आहे. मी तिला एवढीच जोड दिली, की पाहुण्याला आधी सांगायचं. जेवायला बोलावतानाच म्हणते, ‘या रविवारी एक पदार्थ नवा आहे, मत द्यावं लागेल.’ एकच पदार्थ. बाजूला साधं वरण, दही, कोशिंबीर आणि लोणचं असतंच. नवीन जमलं नाही तर कुणी उपाशी उठत नाही. आणि ‘कसं झालंय?’ असं मी कधीही विचारत नाही. त्याला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘छान झालंय.’ मी नेमकं विचारते. मीठ आधी घातलं असतं तर? दाणा अजून फुटायला हवा होता का? तुमच्याकडे यात काय घालतात? हे विचारलं की माणसं खरं बोलतात, आणि एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत.

आता निरीक्षणं. वही जाड आहे, त्यातली मोजकीच सांगते.

अख्खा मसूर. आपल्या हमरस्त्यावरच्या ढाब्यांचा राजा. हा या भांड्याला फार मानवला. धुतलेला मसूर, पाणी, आलं-लसूण आणि हळद एवढंच घालून सकाळी सहाला मंदावर लावला, एकला तयार. दाणा अख्खा, पण जिभेनं दाबला की लोणी. एक गोष्ट मात्र या भांड्याला कधीच येणार नाही, ती म्हणजे फोडणी. मोहरी तडतडायला आणि कांदा खरपूस व्हायला तेल कडकडीत लागतं, आणि हे भांडं उकळीच्याही वर जात नाही. म्हणून कांदा वेगळ्या कढईत परतायचा, त्यात आपला कांदा-लसूण मसाला घालायचा आणि शेवटच्या अर्ध्या तासात वरून ओतायचा. टोमॅटोही तेव्हाच. आंबट आधी पडलं की कडधान्याचं साल आवळतं आणि ते लवकर शिजत नाही. या पदार्थाला नगरच्या एका विद्यार्थ्यानं दहापैकी नऊ गुण दिले. एक का कापला विचारलं तर म्हणाला, ‘काकू, ढाब्यावर बिल द्यावं लागतं, त्यामुळं जास्त चविष्ट लागतं.’

मटकीची उसळ. मोड आलेली मटकी नाजूक. चार तासांनी मोड कुठं आणि मटकी कुठं, कळेना. पोलिश आजी म्हणाल्या, उत्तम सूप आहे. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, आमटी म्हणून वाढा, उसळ म्हणू नका. निष्कर्ष लिहिला : मोडाच्या कडधान्यांना गॅसवरची दहा मिनिटंच बरी.

भरली वांगी. तीन तासांत देठापर्यंत मऊ. शेंगदाण्या-तिळाचा मसाला आत छान मुरला. पण झाकणाखाली पाणी आटत नाही, वांगं स्वतःचंही पाणी सोडतं, त्यामुळं रस पातळ. पुढच्या वेळी पाण्याचा थेंबही न घालता लावली आणि वाढण्याआधी दहा मिनिटं तव्यावर तेलात उलटसुलट केली. ती पसंत पडली. कुठलीही आपली भाजी या भांड्यात करायची तर पाणी निम्मं, लवंग-दालचिनी निम्मी आणि मीठ शेवटी चाखून, हे गणित मी त्यानंतर बांधलं. खडा मसाला सात तास पाण्यात राहिला की फार उग्र होतो.

आता तांबडा-पांढरा. या गावात त्यावर बोलायचं म्हणजे धाडसच, पण बोलते. शिकागोत डेव्हॉन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तिथं आपल्याकडची दुकानं आहेत, बोकडाचं मटणही मिळतं. हाडासकट तुकडे, आलं-लसूण, हळद आणि पाणी, एवढंच शनिवारी रात्री झोपताना लावलं. सकाळी घरभर वास. मटण हाडापासून सुटलेलं आणि अळणी पाणी असं दाट, की वाटीभर फ्रीजमध्ये ठेवलं तर खरवसासारखं थरथरतं. याचं कारण सोपं आहे. हाडाजवळच्या चिवट पडद्यात कोलॅजन असतं, ते सत्तर अंशांच्या वर तासन्‌तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. कुकरच्या दाबानंही ते होतं, पण मंद आचेवर मांसाचा धागा कोरडा पडत नाही. मग तेच अळणी दोन भांड्यांत वाटलं. एकात लाल मसाल्याचा कट. दुसऱ्यात काजू आणि तिळाची गोळी, पांढरी मिरी आणि अगदी शेवटी नारळाचं दूध. नारळाचं दूध आधी घातलं की फाटतं. मटणाचे तुकडे कढईत कांदा-लसूण मसाल्यात परतून सुकं केलं.

पोलिश आजींनी पांढरा रस्सा वाटीनं प्यायला आणि सांगितलं, की त्यांच्याकडेही रविवारी दुपारी असंच निवळ पाणी प्यायची रीत आहे. ते कोंबडीचं, तासन्‌तास मंद शिजवलेलं. त्याला रोसूव म्हणतात. त्यांच्या आईच्या घरी रविवारी चर्चहून आलं की त्याचाच वास यायचा. ‘तुमच्यात नारळ आहे, आमच्यात गाजर, बाकी सारखंच,’ म्हणाल्या. त्या दिवशी जेवण तीन तास चाललं आणि ते तीन तास मी खुर्चीवर बसून होते.

शेवटचं निरीक्षण खपली गव्हाच्या खिरीचं. ही खीर आपल्या भागाची. तिकडे गंमत अशी, की इटालियन दुकानात फारो नावाचं धान्य मिळतं आणि त्यातलं एमर जातीचं म्हणजे आपला खपलीच. शिवाय सडून, कोंडा काढून आलेला. उखळाचं काम वाचलं. वाद राहिला गुळाचा. मी मुद्दाम दोन भांडी मांडली, एक माझं, एक शेजारच्या आजींचं. एकात गूळ सुरुवातीपासून, दुसऱ्यात गहू शिजल्यावर.

त्या रविवारी एक आजोबा आले होते, लेकीकडे सहा महिन्यांसाठी. आजी आदल्या वर्षी गेलेल्या. लेक मला फोनवर म्हणाली होती, ‘बाबा घरात बोलतच नाहीत, जेवणसुद्धा दोन घासांचं, तुमच्याकडे आणते, पण वाईट वाटून घेऊ नका.’ आजोबा कोपऱ्यात बसून होते. मी प्रयोग समजावून सांगायला लागले, एका भांड्यात गूळ आधी, एका भांड्यात नंतर. ते एकदम म्हणाले, ‘चाखायची गरज नाही. आधी घातला असेल तो गहू आखडला असणार.’ सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. चाखून बघितलं, तर अगदी तसंच. गूळ आधी पडलेला दाणा दाताखाली कचकच करत होता, दुसरा फुलून मऊ.

मी विचारलं, ‘काका, हे तुम्हाला कसं ठाऊक?’ तेव्हा ते सांगायला लागले. काकूंच्या शेवटच्या दोन वर्षांत स्वयंपाक तेच करत होते. त्या पलंगावर पडून सांगायच्या, हे करायचे. खिरीची इच्छा झाली तेव्हा त्यांनी तीनदा केली, तिसऱ्यांदा जमली. गूळ कधी, वेलदोडा कधी, दूध खिरीत शिजवायचं नाही, नाहीतर फाटतं, वाढताना वरून घ्यायचं, हे सगळं काकूंनी पलंगावरून शिकवलेलं. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती खीर खात रडत होती आणि आजोबा तिला गुळाचं प्रमाण सांगत होते.

मैत्रिणींनो, मी जर त्यांना माझी हमखास जमणारी खीर वाढली असती, तर त्यांनी ‘छान झालंय’ म्हटलं असतं आणि पुन्हा कोपऱ्यात बसले असते. मला काहीतरी माहीत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं, म्हणून ते बोलले. त्यानंतर परत येईपर्यंत ते प्रत्येक रविवारी आले. वहीतल्या निरीक्षणांत त्यांचं अक्षर माझ्याहून जास्त आहे. परतल्यावरही ते फोन करतात. नमस्कार-चमत्कार नाही, पहिला प्रश्न : ‘या रविवारी काय लावलंय?’

एक गोष्ट मात्र या भांड्यानं सुटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. ती म्हणजे भाकरी. भाकरी तव्यावरून ताटातच यायला हवी आणि ती करायला कुणीतरी उभं राहायला हवं. तेव्हा आमच्याकडे असं ठरलं, की भाकरी ज्याची त्यानं थापायची. एकावेळी एकजण ओट्याशी, बाकीचे पानावर. पहिल्या खेपेला पुरुषमंडळींच्या भाकऱ्यांना जगातल्या सगळ्या देशांचे आकार आले. आता काहींच्या फुगतात. ओट्याशी उभा असलेलाही गप्पांत असतो, कारण सगळ्यांचं लक्ष त्याच्या भाकरीवर असतं.

आता अनुमान. या भांड्यानं स्वयंपाकाचा वेळ कमी होत नाही, तो वाढतो. दहा मिनिटांची डाळ सात तास घेते. पण ते सात तास भांड्याचे असतात, माझे नसतात. पाहुणे दारात येतात तेव्हा माझं काम संपलेलं असतं आणि मी त्यांच्याबरोबर बसते. दुसरं अनुमान पाहुण्यांचं. नुसतं खाऊन उठणारा पाहुणा एकदा येतो. ज्याचं मत वहीत लिहिलं जातं, त्याला ते घर आपलं वाटतं. नवीन पदार्थ पाहुण्यावर करून बघणं यात त्याचा अपमान नाही. त्याला आधी सांगितलं असेल, पोटाची काळजी घेतली असेल आणि त्याचं खरं ऐकायची तयारी असेल, तर त्यात त्याचा मानच आहे.

शेवटी एक विनंती करते. आपण सगळे आता साठीच्या आसपास आलो. सकाळी ओळख करून देताना कितीजणांनी सांगितलं, मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशी. घरात दोघंच, काहीजण तर एकटे. गटावर रोज ‘सुप्रभात’ येतं, पण एकमेकांच्या घरी जेवायला किती जातो? तुम्ही एकाच गावात, पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहता. महिन्यातून एक रविवार ठरवा, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. विजेचं भांडं नसलं तरी अडत नाही. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, खाली तवा आणि गॅस अगदी बारीक, मध्ये एकदा पाणी बघायचं. मसूर, छोले, मटण, खीर, सगळं होतं. एकच नवीन पदार्थ करा, बाकी वरणभात. आणि यजमाणीण पानावर बसल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही, एवढा एक नियम करा. भाकरी ज्याची त्यानं.

आणि एक वही ठेवा. पाचही मथळे घाला. पुढच्या मेळाव्याला मी येईन तेव्हा त्या सगळ्या वह्या बघायला मागणार आहे, आणि सरांनी परवानगी दिली तर त्यांची सहीही घेऊ.

बाहेर ताटं मांडल्याचा आवाज येतोय. वाढणाऱ्या मंडळींनाही आपल्याबरोबर बसवून घेऊया.